दहा दहाला निघालेला ड्रोन

१

कमूच्या मरणाचा दोष माघ्यावर आला, तेव्हा तिचं प्रेत अजून पाड्यावर पोचलंही नव्हतं.

वैशाखातला मंगळवार होता. सूर्यमाळच्या डोंगराच्या अंगाला करंजपाडा म्हणून वीस-बावीस घरांची वस्ती आहे. तिथली कमू, जिवाची बायको, वय सव्वीस, सकाळी झऱ्यावर गेली. उन्हाळ्यात तो झरा म्हणजे खडकातला हातभर खड्डा. पाणी पाझरतं तसं वाटीनं हंड्यात भरायचं. खड्ड्याच्या कपारीत नाग होता. तो तिच्या मनगटाला डसला.

पाड्याच्या उपकेंद्रात योगिता नावाची नर्स आहे. तिच्याकडची सर्पदंशाची लस आदल्या आठवड्यात दुसऱ्या रोग्याला संपली होती. रेंज मिळेना, दहा वाजून गेल्यावर तिचा जव्हारला फोन लागला. तिथं पठाराच्या कडेला एका खासगी संस्थेचं केंद्र आहे. ते ड्रोननं डोंगरातल्या पाड्यांवर औषधं पोचवतात. केंद्रप्रमुख कांतीलाल यांनी सांगितलं, दहा दहाला ड्रोन निघाला, वीस मिनिटांत पोचेल.

मग योगितानं मला फोन केला. मी चौतीस वर्षं त्या डोंगरात नर्स होते आणि ती माझ्या हाताखाली शिकलेली. जिवा आणि तिघे जण डोली खांद्यावर घेऊन दारात उभे होते. डोलीनं सडकेपर्यंत सव्वा तास, पुढे जीपनं तासभर. नेऊ की थांबू, असं तिनं विचारलं.

"ड्रोन निघालाय का नक्की?"

"निघाला म्हणतात, बाई."

"मग थांब," मी म्हणाले.

साडेदहा झाले, अकरा झाले. योगिता फोन करत राहिली. वारा आहे, येतोच आहे, अशी उत्तरं येत राहिली. अकरा पस्तीसला कांतीलाल म्हणाले की ड्रोन कुणीतरी दगड मारून पाडला. तेव्हा कुठे डोली उचलली. दीड वाजता घाटात कमूचा श्वास थांबला. संध्याकाळी चारला खिंडीजवळच्या कड्याखाली ड्रोन सापडला, लसीच्या बाटल्या फुटलेल्या. सहाच्या आत पाड्यावरच्याच माघ्याला पोलिसांनी उचललं.

माघ्यानं ग्रामसभेत सगळ्यांसमोर म्हटलं होतं, बाया पाण्यावर असतात तेव्हा ते यंत्र खाली आलं तर मी गोफणीनं पाडीन. आणि त्या सकाळी तो खिंडीच्याच डोंगरात मध काढायला गेला होता.

मी बुधवारी सकाळच्या एसटीनं मोखाड्याला निघाले. त्या मरणात माझाही एक शब्द होता.

२

मोखाड्याच्या पोलीस ठाण्यात हवालदार गौतम होता. त्याच्या जन्माच्या वेळी मी त्याच्या आईजवळ होते, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "सिस्टर, सकाळी कोर्टानं कोठडी दिली, शुक्रवारी पुन्हा उभा करायचाय. त्याच दिवशी संस्थेची माणसं ड्रोन न्यायला येणार. तुम्हाला काय बघायचं ते त्याच्या आत बघा."

कोपऱ्यात ड्रोन पडला होता. नाकाकडची बाजू पार चेचलेली, दोन पंखे मोडलेले, मागची बाजू मात्र धड. चारही पायांना रबरी टोप्या होत्या आणि त्यांच्या खाचांत राखाडी बुकटी भरलेली होती. मी बोटावर घेतली. मऊ होती, पिठासारखी. आग लागली होती का, असं विचारलं, तर गौतम म्हणाला, नाही, कुठे जळल्याची खूण नाही. डोंगरातली धूळ असेल.

डोंगरात धूळ तांबडी असते. बोट रुमालाला पुसलं आणि रुमाल तसाच घडी करून ठेवला.

माघ्या भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा माणूस, एका दिवसात सत्तरीचा दिसत होता. त्याला कोठडीपेक्षा दुसरंच लागलं होतं. त्याच्या बायकोनं भाकरी पाठवली नव्हती. पाडा म्हणत होता, यानं कमूला मारली. कमू त्याच्या सख्ख्या भावाची पोर होती.

"बाय, मी नाय मारला," तो म्हणाला. "मी बघितला त्याला. पण तो लय वर होता. गोफण तठं पोचत नाय."

कुठून बघितला, ते मी विचारलं. तो खिंडीच्या अलीकडच्या, जव्हारकडच्या उतारावर होता. ड्रोन आला, खिंडीतून पलीकडे पाड्याकडे गेला. पुन्हा दिसला नाही.

"रोजच्यासारखाच?"

"नाय. रोज तो सडकेच्या अंगानं येतो. त्या दिशी शेवरीच्या मागून आला."

खालच्या खोऱ्यात एक थोराड शेवरी एकटीच उभी आहे. जव्हारच्या केंद्रावरून येणारं काहीही तिच्या मागून येणं शक्य नव्हतं.

३

करंजपाड्यावर मी किती वर्षांनी गेले ते मोजलं नाही. एके काळी ही चढण मी लसीचा डबा खांद्याला लावून एका दमात चढायचे. आता तीनदा बसले. झऱ्यावर बायका रांगेनं बसल्या होत्या. कमूच्या हंड्याची जागा रिकामी सोडलेली होती आणि तिथं कुणी बसत नव्हतं.

म्हातारी तानी मला ओळखून जवळ सरकली. ती त्या दिवशी पूर्ण वेळ झऱ्यावर होती. मी तिला ड्रोनबद्दल विचारलं. तिनं हातानं करून दाखवलं. तो खिंडीतून आला, मोठ्या उंबराच्या डोक्यावर आला आणि थांबला.

"थांबला म्हणजे?"

"घार थांबते ना, तसा. मंग थोडा वर गेला. मंग तोंड फिरवलं न् त्या कड्याकडं गेला. मंग आवाज आला."

"दगड लागल्यासारखा हेलपाटला का?"

"नाय बाय. विचार करून वळला."

म्हणजे ड्रोन पलीकडे पोचला होता. उपकेंद्र तिथून हाकेच्या अंतरावर. कड्यावर आपटला तो येताना नाही, परत जाताना. मी उंबरापासून कड्यापर्यंत नजर फिरवली. खिंड डाव्या हाताला राहत होती. आल्या वाटेनं परत जायचं तर तो खिंडीतून गेला असता. तो सरळ कड्यात घुसला होता. कड्यावरच्या झाडांच्या फांद्याही आमच्या बाजूनंच मोडलेल्या होत्या, आणि माघ्या तर डोंगराच्या त्या बाजूला होता.

किती वाजले होते, हे तानीला विचारण्यात अर्थ नव्हता. पण या झऱ्यावर वेळ कशी मोजतात ते मला माहीत होतं. मी विचारलं, "तुझे हंडे किती भरले होते?"

"कमूला उचलून नेली तवा पहिला चालू होता. हा आला तवा चौथा भरत आलेला."

मी माझी बाटली त्या खड्ड्यातून भरायला बसले आणि घड्याळ लावलं. मग हिशेब केला. एका हंड्याला पस्तीस ते चाळीस मिनिटं. कमूला उचललं तेव्हा सव्वानऊ झाले होते, हे योगिताच्या नोंदीवरून ठरत होतं. चौथा हंडा भरत येतो तो साडेअकराच्या सुमाराला.

दहा दहाला निघून वीस मिनिटांत पोचणारा ड्रोन तासभर कुठे होता?

४

ड्रोन उडवणारा सौरभ जव्हारचाच पोरगा, तेवीस-चोवीस वर्षांचा. त्याच्या आजीला मी चांगली ओळखत होते. तो केंद्रात सिमेंटच्या स्वच्छ चौथऱ्याकडे बघत बसला होता. ड्रोन याच चौथऱ्यावरून उडतो. तिथं राखेचा कण नव्हता.

मी त्याला कमूबद्दल काही विचारलं नाही. म्हटलं, मला म्हातारीला समजावून सांग, हे उडतं कसं. त्याला बरं वाटलं. त्यानं सांगितलं, आधी नकाशावर थांबे नेमून द्यायचे. पहिला खिंडीवर, दुसरा उंबरावर, तिसरा उपकेंद्रावर. बटण दाबलं की ड्रोन स्वतःच एकामागून एक थांबे घेत जातो.

"आणि मध्येच तुझा त्याच्याशी संपर्क तुटला तर?"

"तुटतोच, काकू. खिंड ओलांडून उंबरावर पोचला की डोंगर आड येतो. रोज पडदा काळा होतो."

"मग तो पडतो?"

तो जरा हसला. "पडत कशाला? आधी जागीच थांबतो. मग आपण जे नेमून दिलं असेल ते करतो. दोनच गोष्टी असतात. एक तर थांबे पुरे करत पुढे जायचं, नाही तर घरी परतायचं. आम्ही पुढे जा असं नेमलंय. सव्वाशे फेऱ्या झाल्या, एकदाही चुकला नाही."

"घरी म्हणजे कुठे?"

"जिथून उडाला तिथं. उडताना ती जागा तो लक्षात ठेवतो. परतताना थांबे घेत नाही, वळणं घेत नाही. सरळ रेषेत येतो."

"मग मंगळवारी तो उंबरावरून वळला का रे? तानीनं बघितला. पुढे जायचं सोडून तो घरी निघाला होता."

सौरभच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यानं दाराकडे पाहिलं. दारात कांतीलाल उभे होते.

५

कांतीलाल मोठे अदबशीर गृहस्थ. मला आत बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला, सुशीलाताई म्हणून माझ्या नोकरीची वाखाणणी केली. मग नोंदवही पुढे ठेवली. मंगळवार, उड्डाण दहा दहा, ठिकाण केंद्र. वळणदार अक्षर होतं.

मी विचारलं, ड्रोन दगडानं पडला हे अकरा पस्तीसलाच कसं कळलं? सापडला तर चारला. ते म्हणाले, अंदाज. त्या माणसानं धमकी दिलेली सगळ्यांना माहीत होती.

"अंदाज बरोबर निघेलच असं वाटलं तुम्हाला?"

"या लोकांना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता, ताई."

ओळखते, म्हणूनच उठले. बाहेर सौरभ जिन्यापाशी उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण वरून हाक आली आणि तो गेला.

रात्री घरी मी पेटीतून माझा जुना नकाशा काढला. डोंगरातले पाडे, झरे, वाटा मी पायानं मोजून कापडावर उतरवल्या होत्या, पोलिओच्या डोसांच्या दिवसांत. दोन वेगवेगळ्या शाईंचा, घामानं डागाळलेला. पडद्यावरच्या नकाशाइतका अचूक नसेल. पण शेवरी त्यात होती आणि उंबरही होता. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि काही सुचलं नाही. ड्रोन घरी निघाला होता, एवढं कळलं होतं. घर कुठलं, ते कसं शोधायचं?

६

ते माघ्यानं सांगितलं. सांगतोय हे त्याला माहीतही नव्हतं.

गुरुवारी मी त्याला भाकरी आणि नाचणीची आंबील नेली. तो खाईना. त्याला बोलतं करावं म्हणून मी विचारलं, आजकाल मधाची पोळी कशी शोधतोस रे, रान तर विरळ झालं. तो हळूहळू बोलू लागला. उन्हाळ्यात माशा पाण्यावर येतात. पाणी पिऊन पोटभर झाली की माशी इकडेतिकडे बघत नाही, पोळ्याकडे सरळ जाते. ती वाट नजरेत धरायची. पण एका वाटेनं पोळं कळत नाही, ते जवळ असेल नाही तर दोन डोंगर लांब. मग दुसऱ्या पाण्यावर जाऊन बसायचं. तिथली माशी कुठं जाते ते बघायचं.

"न् दोन वाटा जठं भेटतात तठं पोळं," तो म्हणाला.

मी तिथंच पिशवीतून नकाशा काढून फरशीवर पसरला. शिवणाचा दोरा नेहमी जवळ असतो. एक दोरा उंबरावर धरला, तिथून ड्रोन आपटला त्या कड्यावरून सरळ पुढे ओढला. ही त्याची परतीची वाट. दुसरा खिंडीवर धरला आणि शेवरीवरून ओढला. ही त्याची येण्याची वाट. गौतम वाकून बघत होता. दोन्ही दोरे जव्हारच्या पठारावर गेलेच नाहीत. ते खाली, साखरशेत गावाच्या खालच्या अंगाला ओहोळाकाठी एकमेकांना भेटले.

"तिथं काय आहे, सिस्टर?"

माझ्या नकाशात तिथं फक्त भातशेती होती. नकाशा जुना होता. गौतम तरुण होता, त्याला आठवलं.

"कांतीलालशेठचं नवं फार्महाऊस," तो म्हणाला.

७

दुपारी गौतमच्या मोटरसायकलवर मागे बसून मी साखरशेतला गेले. फार्महाऊसला कुलूप होतं. लागूनच मुकेश नावाच्या शेतकऱ्याचं भाताचं खाचर होतं, आणि तो कडेला उभा राहून कुणाला तरी शिव्या देत होता. आम्हाला बघून त्यानं आम्हालाच गाऱ्हाणं सांगितलं. त्यानं भाताच्या रोपांसाठी राब भाजला होता. पालापाचोळा, शेण, फांद्या अंथरून खाचर जाळतात आणि ती राख पेरणीपर्यंत जपतात. त्याच राखेवर रोप धरतं. मंगळवारी तो बाजाराला गेला आणि कुणीतरी त्याचा राब उधळला.

"वाऱ्याचा भोवरा आला असेल," गौतम म्हणाला.

"भोवरा असा कंपास घेऊन येतो का, साहेब?"

मधोमध राख उडून तांबडी जमीन उघडी पडली होती, ताटासारखी गोल. बाहेर राखेची कड साचलेली. आणि गोलाच्या मध्यभागी चार ठसे. शेती करणाऱ्या माणसानं भाजलेल्या राबात पाय ठेवला नसता. कधी शेती न केलेल्याला मात्र ती नुसती सपाट, मोकळी जागा वाटली.

मी रुमाल उघडला. त्यातली बुकटी आणि ही राख शेजारी धरली.

शुक्रवारी सकाळी संस्थेची माणसं ड्रोन न्यायला आली, बरोबर कांतीलाल आणि सौरभ. कोर्टात न्यायला गाडी तयार होती, माघ्या तिच्याजवळ उभा होता. गौतमनं सगळ्यांना आत बोलावलं. मी टेबलावर नकाशा पसरला, दोरे ठेवले, रुमाल ठेवला आणि सौरभला म्हणाले, "मी सांगते, चुकलं तर सांग. ड्रोन केंद्रात नव्हताच. त्या दिवशी साखरशेतला होता."

कांतीलाल म्हणाले, म्हातारपणी दोऱ्यांचा खेळ बरा आहे. सौरभ त्यांच्याकडे बघत नव्हता. तो राखेकडे बघत होता.

"फार्महाऊसची वरून चित्रं घ्यायची होती," तो म्हणाला. "जाहिरातीसाठी. फोन आला तेव्हा आम्ही तिथंच होतो. सर म्हणाले, निघाला म्हणून सांगतो, तू लस मागव. केंद्रातून लस मोटरसायकलवर यायला पाऊण तास गेला. रोजची आखणी केंद्रातून उडण्याची होती, म्हणून मी घाईत नवी बनवली. खिंड ओलांडेल एवढी उंची वाढवली. पण संपर्क तुटल्यावर काय करायचं ते नेमायचं राहिलं. नव्या आखणीत ते आपोआप घरी परत असंच असतं, काकू. आणि उंची तो उडाला त्या जमिनीपासून मोजतो. साखरशेत खोल आहे. परत येताना तो कड्याच्या माथ्यापेक्षा खाली होता."

"किती वाजता उडवलास?"

"अकरा पाचला."

मी कांतीलालना म्हणाले, "चूक पोराची आहे. घाईत कुणाकडूनही होते. ड्रोन पडला म्हणून कमू मेली नाही. दहा दहाला तुम्ही एवढंच म्हणाला असतात की ड्रोन इथं नाही, तर डोली तेव्हाच निघाली असती. साडेबाराला दवाखान्यात असती. ती दीडपर्यंत जिवंत होती."

ते म्हणाले, त्यांना वाटलं होतं वेळेत जमेल.

ड्रोनच्या पोटातलं कार्ड पुढे तपासलं गेलं. त्यात उड्डाण अकरा चारचं निघालं, साखरशेतचं. नोंदवहीतलं वळणदार अक्षर कांतीलालचंच होतं. त्यांच्यावर खटला उभा आहे. सौरभनं जबाब दिला आणि नोकरी सोडली. केंद्राला कुलूप लागलं.

८

माघ्याला मी स्वतः पाड्यावर घेऊन गेले. दारात त्याची बायको उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या दिवसांत त्या पाड्यावर तांब्याभर पाणी म्हणजे काय, हे तिथं बसलेल्याला कळतं.

मग मी जिवाकडे गेले. त्याच्या ओट्याला डोलीचा बांबू टेकवलेला होता, घोंगडी अजून तशीच बांधलेली. मी त्याला सगळं सांगितलं. फार्महाऊस, राख, अकरा पाच. तो ऐकत होता. शेवटी मी तेही सांगितलं जे कुठल्या पंचनाम्यात नव्हतं. योगितानं मला विचारलं होतं आणि थांब असं मी म्हणाले होते. चौतीस वर्षांत मी कुणाला थांब म्हटलं नव्हतं. पावसात, पुरात, रोगी अर्धमेला असला तरी म्हटलं होतं, उचला आणि चालू लागा, पुढचं वाटेत बघू. एकदाच म्हटलं.

जिवा बांबूकडे बघत राहिला.

"मी खांद्यावर घेतला होता, बाय," तो म्हणाला. "तुझा निरोप आला न् खाली ठेवला."

"हो."

"नेली असती तं वाचती?"

मी नर्स आहे. खोटा धीर देता येतो, पण त्याला खोटं पुरेसं सांगून झालं होतं. मी म्हणाले, "वाचली असती."

त्यानं मान हलवली. उठला, घोंगडीच्या गाठी सोडल्या. गाठी घट्ट बसल्या होत्या. माघ्या अंगणात येऊन उभा होता. तो पुढे झाला आणि दुसऱ्या टोकाच्या गाठी सोडायला लागला. दोघांनी मिळून घोंगडी झटकली, पुन्हा बांधली आणि डोली उपकेंद्राच्या भिंतीला नेऊन टेकवली.

ज्येष्ठाच्या शेवटी, पाऊस लागलेला असताना, दुपारी योगिताचा फोन आला. पाड्यावरच्या पोश्याला खाचरात साप चावला होता. तिनं मला काही विचारलं नाही. मागून चिखलातल्या पावलांचे आवाज येत होते, कुणीतरी दम खात पाय जपून टाकायला सांगत होतं. तो आवाज माघ्याचा होता.

"बाई," ती म्हणाली, "आम्ही निघालोय."